फरकावरचा कर

एकोणीस वर्षं मी काउंटी खजिनदाराच्या खिडकीत बसते.
काचेखालच्या फटीतून लोक कागद सरकवतात:
ट्रक, सात वर्षं जुना, विक्रीची किंमत एक डॉलर.
"एक?" मी विचारते.
"मेव्हण्यानं दिला."
मेव्हणा बाहेर इंजिन चालू ठेवून
माझ्याकडे न बघता बघत असतो.
मी दुसरा फॉर्म पुढे करते, शपथेवर सही करायचा.
निम्मे लोक सही करतात,
निम्म्यांना एकदम आठवतं
की पाकीट गाडीतच राहिलं.

आज शनिवार, आणि मी खिडकीबाहेर.
हायवे चौतीसला लागून, फडफडत्या पताकांखाली
ब्रेंट स्टुट्झमन मला तिसरी कॉफी देतोय.
एक पोरगा माझ्या ट्रकभोवती फिरतो,
टायरमध्ये नाणं खुपसतो, वाकून गंज खरवडतो,
पाटीवर लिहितो:
दोन लाख अकरा हजार मैल.
मागचा फळका, गंज.
डावं दार, पोचा, मध्यम.

मध्यम!

फेब्रुवारीतली रात्र होती, रस्त्यावर काचेसारखा बर्फ,
मागच्या सीटवर माझी बॅग.
आमच्याच फाटकाच्या खांबाला दार घासलं,
इंजिन बंद पडलं,
आणि बंद पडल्यावर किती शांत होतं ते ऐकत
मी तिथे बसले, अर्धा तास असेल.
मग बॅग आत नेली, कपडे परत घड्या करून ठेवले.
व्हर्नला सांगितलं, हरीण आडवं आलं.
तो अजून अंधार पडला की म्हणतो,
हरणं सांभाळ.
माझ्याही कागदावर आहे एक डॉलर.

"बावन्नशे," ब्रेंट म्हणतो,
जणू स्वतःच्या खिशातून काढून देतोय.

शेजारच्या प्रोहास्कांचा कोल्बी सहा हजार रोख देणार आहे.
फक्त, मिसेस कुचेरा,
कागदावर पाचशे लिहाल ना?
सगळेच लिहितात.
तो कागद सोमवारी कोणाच्या खिडकीत येणार
हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.
एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या येतं?

"मला अठ्ठावन्नशे हवेत."
ब्रेंट उठतो, काचेपलीकडच्या मॅनेजरकडे जातो.
दोघं कशावर तरी हसतात. मासेमारीवर असेल.
मला घाई नाही.
काचेपलीकडून माणसांना ताटकळत ठेवायचं कसं
हे मला कोणी शिकवू नये.

"साडेपंचावन्नशे. यापुढे मॅनेजर माझी चामडी सोलेल."
मी पर्स उचलते. किल्ली टेबलावरच ठेवते.
ती मी विसरलेली नाही हे त्याला कळतं.

"सत्तावन्नशे."

आता हा हिशेब तोंडी, माझ्या रोजच्या धंद्यातला:
जुन्याची किंमत नव्यातून वजा,
सरकारचा हात फक्त उरलेल्या फरकावर.
सत्तावन्नशेवर साडेपाच टक्के,
तीनशे साडेतेरा वाचले.
म्हणजे सहा हजार साडेतेरा.
कोल्बीच्या रोखीपेक्षा साडेतेरा डॉलर वर,
आणि खोटं काहीच लिहायचं नाही.
एवढ्यात दोघांचं जेवण होतं, पाय घेतला तर नाही.

हात मिळवला. ब्रेंटचा तळवा ओला होता.
हातमोज्यांच्या कप्प्यातून मी काढलं:
टायरचा दाब मोजायची नळी, नॅपकिन,
व्हर्नचा एक चष्मा, दोन वर्षं हरवलेला.
दारावरून हात फिरवला नाही. बघत होते सगळे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
मी रांगेत उभी राहिले, रांगेतल्यासारखी.
खिडकीत व्हर्ला. ती हसली नाही; नियमच आहे.
"नव्याची किंमत?"
"अडतीस हजार चारशे."
"बदल्यात दिलेला?"
"सत्तावन्नशे."
मशीन कुरकुरलं. "सतराशे अठ्ठ्याण्णव, पन्नास सेंट."
बरोबर. मी रात्रीच दोनदा केलं होतं.

चेक सरकवायला हात पुढे केला
आणि थांबले.
या बाजूनं फट फारच खाली आहे.
एकोणीस वर्षं मला वाटायचं
लोक नजर चुकवतात.
अर्धेअधिक नुसते
वाकत होते.