एकसष्ट

महापेत, चौथ्या मजल्यावर,
मोजणी संपली तेव्हा चहा निवला होता.
सही तपासणारं एकच फंक्शन,
वाटा एकसष्ट.

जरच्या पोटात जर, त्याच्या पोटात नाहीतर,
तळाशी केळुसकर मॅडमची टीप :
हे काढू नका. का ते आठवत नाही.

काढलं.
आधी चाचण्या लिहिल्या, मग एकेक फांदी,
दर छाटणीला पुन्हा चाचण्या.
अकरा वाजता आकडा नऊवर.

त्या नऊंत एक वाट उघडी पडली :
मुदत संपलेली सही
आठ वर्षं तिथून बिनबोभाट आत येत होती.
गर्दीत तिला कुणी हटकलं नव्हतं.

घणसोलीला घरी आले. दाराला तीन कुलपं.
किल्ल्या चाचपताना आठवलं,
मधलं लागतच नाही,
नुसतं अडकवलेलं असतं.