आधी ओळख दाखवायची नाही

प्रबंधात मी त्यांना क आणि ख म्हटलं.
खरी नावं अजनीच्या ऑफिसात, कपाटात,
किल्ली वेलदोड्याच्या डबीत.

क कोळशाच्या खाणीत होता.
छत बसलं तेव्हा अकरा तास
दोन मेलेल्यांच्या मधे टेकून राहिला.
घरी आल्यावर दाराला पाठ लावून झोपायचा,
म्हणजे पहाटे नळ आला तरी
ख ला बाहेर पडता येईना.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली,
"खाण यांच्यावर पडली मॅडम,
मग मी काहून दबून राहिली?"

हे वाक्य मी तीन परिषदांत वाचलं.
इंग्रजीत ते लंगडतं.
तरी टाळ्या पडल्या, निबंधाला गुण मिळाले,
गुणांनी वेतनश्रेणी सरकली.
ख ला हे ठाऊक नाही.
तिनं सहीच्या जागी सही केली होती, एवढंच.

नवव्या भेटीला मे महिना, पारा सेहेचाळीस.
कूलरचं पाणी टिपटिप गळत होतं.
क उठला, बटण बंद केलं, परत बसला.
मी काही बोलले नाही
(वर्गात मी याला तंत्र म्हणते,
खरं तर मला सुचलंच नव्हतं).
तिघंही घामानं निथळत होतो.
मग तो फरशीकडे बघत म्हणाला,
"तिथं बी असंच गळत होतं. वरून. रातभर."

ख नं पदराचं टोक तोंडात धरलं.
दोन उन्हाळे घरचा कूलर तोच बंद करायचा.
दोन उन्हाळे ती भांडली होती,
बिलाला भेता म्हणून, लेकरायले घामोळं आलं म्हणून.
"सांगाचं नाही काय बाप्पा,"
एवढंच म्हणाली, आणि खुर्ची
वीतभर त्याच्याकडे सरकवली.

ती वीत कुठल्याच मोजपट्टीवर नव्हती.
मी समासात लिहून ठेवली, पेन्सिलीनं.

या एप्रिलमध्ये सक्करदऱ्याच्या चौकात
कूलरच्या ताट्यांच्या ढिगाशी ते दोघं दिसले.
केस पिकलेत. त्याच्या हातात नवा पंप.
दुकानदाराला चालवून दाखवायला लावला,
कान जवळ नेला, मागे घेतला.
"आवाज येते," म्हणाला.
"येऊ दे ना. मी आहो न."
मग लगेच भावावरून दोघांचं जुंपलं,
वीस रुपयांसाठी, चांगलं खणखणीत.

सव्वीस वर्षं शिकवते आहे:
बाहेर भेटले तर आपण आधी ओळख दाखवायची नाही.
मी वळले, शेजारच्या कुंभारणीकडून
नको असलेला एक माठ घेतला.

माठ गळका निघाला.
रात्री ताटलीत थेंब वाजत असतात.
नवरा विचारतो, बदलून का आणत नाहीस.
नुसतं हो म्हणते.
त्याला कारण सांगितलेलं नाही.
नियमच तसा आहे.