चार नंबरची टाकी, गोजे बंदर

जहाजाच्या पोटात बॅलास्टची चार नंबरची टाकी.
चहूकडे पोलाद. ट्रायपॉडवर माझा अँटेना,
आणि तिथून साठ पावलांवर दुसरा.
मी पाठवते ते इतकं क्षीण
की यंत्राच्या पडद्यावर दिसतच नाही,
गोंगाटाच्या गवताखालून सरपटत जातं.
कायद्याने मुभाच एवढी:
बोला, पण कुणाच्या कानाला लागू नका.

वरून प्रमुखांचा फोन:
"पट्टा रुंद करा ना. दुप्पट. चौपट.
रस्ता रुंद, तर गाड्या जास्त."
बरं म्हणते. मग भिंतीवर खडूने
आकडे मांडत बसते,
उद्या जिथे रंग लागणार आहे तिथे.

ताकद तेवढीच, रुंदी वाढत जाते.
आधी फायदा ओंजळभर, मग चिमूटभर,
मग रेघ आडवी पडते
ती पडतेच. अनंतापर्यंत.
आणि हेसुद्धा भिंतींची आधी ओळख असेल तर.
इथे एक स्पंद सुटतो, शंभर होऊन परततो,
फासळ्याफासळ्यांना आपटत, ज्याच्या त्याच्या सवडीने.
कोणता कुठून आला हे ओळखता ओळखताच
पुंजी सरते.
हजार पानांना वाटीभर तूप:
वाढलं सगळ्यांना, बोटाला लागलं कुणाच्याच नाही.

चारच्या सुमाराला शिडीवरून बान ग्योंग-दल उतरले.
एकतीस वर्षं वेल्डर.
डावा कान हातोड्यांनी नेला, उजवा अर्धा उरलाय.
काय चाललंय, विचारलं. मी ओरडून सांगितलं.
त्यांनी मान हलवली,
ती ऐकू आल्याची नव्हती.
मग पट्ट्यातली हातोडी काढून
भिंतीवर एक ठोका.
थांबले. चांगलेच थांबले.
आणखी एक.
शेजारच्या टाकीतून, पोलादापलीकडून,
ठण.
"कॉफी," ते म्हणाले. "पाच मिनिटांत येतोय."

मी वहीत लिहिलं:
दिवसभर पुटपुटणं नको. साठव.
मग एकदाच, उंच, आणि पुन्हा गप्प.
खाली बारीक अक्षरात:
उंचीवरही कायद्याचं छत आहे, विसरू नकोस.

प्रमुखांना यातलं काय कळवायचं
ते अजून ठरलं नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या आडव्या रेघेवर
रंगाचा पहिला हात चढला.
बान यांच्या ठोक्याची खळी मात्र, नखाएवढी,
रंगाखालीही बोटाला लागते.