वरच्या मजल्याबद्दल

मी, आयलीन तुओमिनेन, वय एक्काहत्तर,
राहणार डलुथ, मिनेसोटा, उतारावरचं पिवळं घर,
शपथेवर लिहून देते की
माझ्या वरच्या मजल्यावर एक लग्न राहत होतं.
एक वर्ष दहा महिने. भाडं पाच तारखेच्या आत.

वकीलबाई म्हणाल्या, फक्त पाहिलेलं लिहा.
तर मी पाहिला तो सोफा.
वेंडेल वरून ओढतोय, लुझविमिंडा खालून रेटतेय,
जिन्याच्या वळणावर तो अडकला तो अडकलाच,
आणि दोघं पायऱ्यांवर बसून इतकी हसली
की मला वाटलं कुणी रडतंय.
भिंतीला तेव्हा पडलेली खोक अजून आहे.

ऐकलेलं चालेल का?
छत पातळ आहे माझं.
अख्खा नोव्हेंबर हीटरवरून भांडण :
ती काटा वर सरकवायची, तो खाली,
मग ती, मग तो, मग दार, मग शांतता,
मग दोन चमचे एकाच वाडग्यात.
साहेब, कागदासाठी लग्न करणारी माणसं
एकमेकांशी फार गोड बोलत असतील.

पहिल्या हिवाळ्यात तिने सुकी मासळी तळली
की तो खिडकी उघडून खोकायचा.
दुसऱ्या हिवाळ्यात खिडकी बंद असायची.

गोळ्यांचंही लिहिते.
फॉलिक अ‍ॅसिड. मूल हवं असलेल्या बायका आधीपासून घेतात त्या.
बर्फ फार असलं की औषधांच्या दुकानातून मीच आणून द्यायचे.
आणि वेंडेल दहा वर्षांपूर्वीच नसबंदी करून आलेला.
रोज रात्री बाटली तोच तिच्यापुढे ठेवायचा,
पाण्याच्या पेल्यासकट.
हे मी पाहिलं नाही.
तिने सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात, उभ्याने,
कोटाची बटणं न काढता.

कोर्टाने लग्न रद्द केलं.
घटस्फोट नव्हे. तो शब्द तिच्या देशाच्या कायद्यात नाही,
इलोइलोतल्या आईला फोनवर सांगताही आला नसता.
रद्द म्हणजे मोडलं नाही, मुळात झालंच नाही.
न्यायाधीशांनी शिक्का मारला
आणि सगळं उलट्या पावली निघालं,
वाडगा, काटा, मासळी,
सोफाही न अडकता जिना उतरून गेला.

आता तुमचं कार्यालय विचारतं :
जे झालंच नाही ते खरं होतं, याला पुरावा?
तिचं दोन वर्षांचं कार्ड ऑक्टोबरात संपतंय.
अर्जावर सही एकटीची.
सोबत विजेची बिलं, दोन नावांची.
फोटो तेवीस, एकात वेंडेलचा फक्त कोपर.
बँकेचं एकत्र खातं, शिल्लक सत्तेचाळीस डॉलर.
आणि मी.

माझं लग्न एकेचाळीस वर्षं चाललं.
कुणी पुरावा मागितला नाही.
परवा रात्री उगाच शोधायला बसले, मागितलाच असता तर?
आर्वोचा एक बूट सापडला. डावा.
वाण्याची यादी त्याच्या अक्षरात, कांदे दोनदा लिहिलेले.
एवढ्यावर तुम्ही मला या देशात राहू दिलं असतं का
कोण जाणे.

तो खोटं बोलला. ती नाही.
एका घरात दोन्ही राहू शकतं,
मी घरं भाड्याने देते, मला ठाऊक आहे.

नोटरीने विचारलं, नातं?
घरमालकीण, म्हटलं.

वर सध्या एकाच माणसाची पावलं वाजतात.
वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीहून ती पहाटे येते,
बूट हातात घेऊन जिना चढते, मला जाग येऊ नये म्हणून.
मी जागीच असते.
वळणावर ती थांबते,
खोकेवर हात ठेवत असावी, किंवा नुसता दम घेत असेल.

वकीलबाई म्हणतात, हे शेवटचं खोडा,
याचा लग्नाशी संबंध नाही.

मी शपथेवर आहे.
खोडत नाही.