निल, एक प्लस

फॉर्मवर तिचं नाव लिहायचं नाही.
मी लिहिते: एकशे सतरा.
वय सव्वीस. मुक्काम वेल्ह्याच्या पुढे, एसटी वळते तिथून चालत.
मुलाचा आजार नेफ्रॉटिक. तिसरी खेप.

मंगळवार पेठ, तिसरा मजला.
खिडकीतून रूळ दिसतात.
मुलगा सुजल्या पापण्यांच्या फटीतून
गाड्यांचे डबे मोजतो.
ती कॉटखालची चटई गुंडाळून कडेला लावते,
आणि पदरानं पुसून मला स्टूल देते.

सतरा प्रश्न आहेत.
इंग्रजीतून मराठीत आणले तिघींनी,
एसीत बसून, चहाच्या दोन फेऱ्यांत. त्यातली एक मी.

गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा
उदासीन वाटलं?

"उदासीन म्हंजी?"

म्हणजे... मन लागत नाही, असं.

"मन कशाला लागंल. मन समदं त्याच्या लघवीत."

ती हसली. मीही हसले.
मग दोघी एकदमच थांबलो.

तिनं उशाखालून वही काढली.
शंभर पानी, कव्हरवरचा वाघ अर्धा फाटलेला.
रोज पहाटे पहिली लघवी नळीत धरायची,
स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवायचा,
ढग आला की किती आला ते लिहायचं.
निल. निल. एक प्लस. निल.
तीन प्लस, आणि त्यापुढे: पुण्याला नेला.
अकरा महिन्यांत एकही दिवस कोरा नाही.
सासरे गेले त्या तारखेलाही
बारीक अक्षरात: एक प्लस.

आमच्या अभ्यासात
तिसऱ्या महिन्यापासून रकाने कोरे पडायला लागतात.
हे मी तिला सांगितलं नाही.

झोप?
"त्यो झोपला की."
भूक?
"त्याचं उरलेलं खाते. बिनमिठाचं.
त्याच्यापुढं बसून मीठ कसं खायचं, बाई?"

कधीच नाही, शून्य.
जवळजवळ रोज, तीन.
मी पेन धरून बसले.
मग समासात लिहिलं: मीठ.
समासातलं संगणकात जात नाही, हे माहीत असून.

शेवटी मी बेरीज केली, हात आडवा धरून.
तिनं तो हात पाहिला.

"माझं किती प्लस आलं?"

आकडा सांगायचा नाही, असा नियम आहे.
मी म्हणाले, बुधवारी बारा नंबरच्या खोलीत
एक ताई बसतात. त्यांच्याशी बोला. मोकळेपणानं.

"बुधवारी त्याची सोनोग्राफी हाय."

मग गुरुवारी, मी म्हणाले.
गुरुवारी त्या ताई येत नाहीत.

"बावीस," मुलगा खिडकीतून म्हणाला,
"आन् शेवटचा डबा रिकामाच होता."
तिनं वळून त्याच्या पायावर अंगठा दाबला.
खळगा पडला.
तो भरून यायला किती वेळ लागतो
ते ती ओठांनी मोजत राहिली,
मी स्टूल परत भिंतीला लावेपर्यंत.