हरीण छाप

तोपखान्यात जिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात
त्याच्या वर वामनराव पोटनिसांची रेकॉर्ड कंपनी होती.
छाप हरणाची, कान टवकारलेलं.
माझे वडील पाकिटांवर तो शिक्का मारायचे,
शेकडा सहा आणे.

गाणं रात्रीच भरायचे. दिवसा मेण मऊ पडायचं.
माळव्याची रात्र गार, याचा आम्हा इंदुरी लोकांना भारी तोरा,
तरी कोपऱ्यात पोत्याखाली बर्फाची लादी असायचीच,
आणि चुन्नाबाई म्हणायची,
"पंत, ये बरफ़ बेताला टपक रही है."

मिळायची सव्वातीन मिनिटं.
जो बागेश्री ती पहाटेपर्यंत पुरवून गायची
तो गुडघ्यानं दाबून बसवायचा,
लग्नाचं लुगडं ट्रंकेत मावेना तसा.
आणि शेवटी घाईघाईनं नाव सांगायचं.
एकदा तान लांबली, मेण संपलं:
"मेरा नाम चुन्नाबाई सां—"
पंत म्हणाले, पुन्हा भरू.
ती पान लावत होती. म्हणाली, रहने दो.

पेटी आगगाडीनं कलकत्त्याला गेली,
तबकड्या होऊन परत आली.
त्या साली दोनशे खपल्या. पुढच्या साली नऊ.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे.
रेडिओ, कर्ज, पंतांचा दमा.
गोदामातला माल गफूर लखेऱ्यानं
तोलून नेला. लाखच ती शेवटी.
वडील तराजूपाशी उभे राहून
एकेक तबकडी पाकिटातून काढून देत होते,
कडेला धरून, बोट न लागू देता.

लाखेत दगडाची भुकटी निघाली. चकाकी येईना.
गफूरनं काळे, खरबरीत चुडे केले, स्वस्तातले,
मिलमधल्या बायकांना विकले.
आईनंही एक जोड घेतला.
परात घासताना तो वाजायचा. कसा, ते आठवत नाही.
आठवतं असं म्हणालो तर खोटं होईल.

पाकिटं मात्र घरी आली. त्यांवर मी पाढे लिहिले,
मधल्या भोकातून ग्रहण बघितलं, मार खाल्ला.

परवा पुण्याहून एक मुलगा आला, रेकॉर्डी शोधत.
त्याला त्रेचाळीस रिकामी पाकिटं दाखवली
आणि अर्धा चुडा.
त्यानं सगळ्याचे फोटो काढले.
जिन्यात थांबून विचारलं,
"सां म्हणजे पुढं काय?"

सांवेरवाली, मी म्हटलं.
मरीमातेपासून बस मिळते. तासाभराचा रस्ता.