कळे

बाबांचा उजवा हात थरथरायला लागला
तेव्हा गावाने आधी हात जोडले.
पावणाई अंगाजवळ आली, म्हणाले.
तातू कोयंडेचं नवं इंजिन,
मेस्त्र्यांच्या सुनेचं दुसरं बाळंतपण,
सगळ्यांचे कळे त्या थरथरीतूनच
पाषाणाला चिकटले
आणि उजवे पडले. बहुतेक.

मला घरात दिसायचं ते वेगळं:
दाढीवर पेजेचा थेंब,
सदऱ्याच्या एका बटणाला अर्धा तास,
देवस्थानच्या वहीत त्यांचं अक्षर
ओळीच्या शेवटी मुंगीएवढं.

कणकवलीच्या डॉक्टरने त्यांना चालायला लावलं,
बोटं टेबलावर आपटायला लावली,
मग कागदावर एक लांब नाव लिहिलं.
बाबांनी विचारलं,
"हेका देवीच्या भाषेत काय म्हणतत?"

गोळी दिवसातून तीनदा, रिकाम्या पोटी.
पण नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही
हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम.
गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, मी म्हटलं.
"आणि पाणी?"
शेवटी पहिली गोळी तीर्थाबरोबर गेली.
डाव्या हाताने उजव्याला मनगटाशी धरून,
एखाद्या हट्टी पोराला धरावं तसं.

पंधरवड्यात हात शांत झाला.
बटण लागलं. बांगड्याचा काटा निघाला.
आणि सोमवारी माणसं कौलाला बसली
तर कळे चिकटले ते चिकटूनच.
समईत दोनदा तेल घातलं.
भरती येऊन गेली.
मागून कोणीतरी बोललंच,
गोळयेन देवी उतरवल्यान.

त्या रात्री पडवीत बाबांनी मला सांगितलं,
जे त्यांच्या बापाने फक्त मुलग्याला सांगायचं म्हणून सांगितलं होतं:
"कळो किती ओलो करूचो, ता हाताक ठावक असता.
सुको बेगीन पडता."
मग बराच वेळ नुसती गाज.
"पण हाताक कोण सांगता,
ता माका अजून कळला नाय."

पुढच्या सोमवारी त्यांनी स्वतःसाठी कौल लावला.
गोळी घेऊ की नको. सगळ्या गावासमोर.
मी खांबाशी उभी होते, मला दिसलं:
डावा कळा त्यांनी तांब्यात चांगला बुडवला,
उजवा सोवळ्याच्या काठाला टिपला.
हात जराही हलला नाही.

उजवा पडला.
व्हय म्हाराजा, गाव म्हणालं.
बाबा देवीकडेच बघत होते, अपराध्यासारखे,
की ओळख पटल्यासारखे,
पाठमोऱ्या माणसाचं काय सांगावं.

आठ वाजले होते.
मी पाणी पुढे केलं.